पेनड्राईव्ह घेऊन लॅपटॉपच्या दुकानात

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. राधानगरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं लेखापरीक्षण शेवटच्या टप्प्यात होतं. तेरीज, म्हणजे जमा आणि नावे बाजूंचा ताळा, जुळत नव्हती. फरक १,८६० रुपयांचा, आणि तो उत्पादकांच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांत कुठेतरी दडलेला. सचिव शेजारी खुर्ची ओढून बसले, मी दोन याद्या पडताळायला लावल्या आणि लाईट गेली. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी तेव्हा जेमतेम पंचवीस मिनिटं टिकायची. पडताळणी संपायच्या आत स्क्रीन काळी झाली. लाईट आली साडेचारला, आणि माझी एसटी पाचला. फरक तसाच घेऊन घरी आले.

त्या रात्री ठरवलं, पुढच्या हंगामाच्या आत नवा लॅपटॉप घ्यायचाच.

मी सहकारी संस्थांची प्रमाणित लेखापरीक्षक. घर कोल्हापुरात, काम मात्र करवीर, राधानगरी, पन्हाळा, गगनबावडा असं पसरलेलं. दूध संस्था जास्त, थोड्या पतसंस्था, दोन सेवा सोसायट्या. ३१ मार्चला वर्ष संपलं की चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत लेखापरीक्षण पूर्ण करायचं असतं, कारण ३० सप्टेंबरच्या आत संस्थेला वार्षिक सभा घ्यायची असते. त्यामुळे एप्रिल ते जुलै माझं ऑफिस म्हणजे पाठीवरची बॅग. कधी दुचाकी, कधी रंकाळा स्टँडवरून एसटी. संस्थेत गेल्यावर मिळेल ते टेबल, मिळेल तो प्लग. कामाला बसायची ही रीत डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय माझ्यासाठी लॅपटॉप चांगला की वाईट हे कुणीच सांगू शकत नाही, हे मला सगळ्या शोधात हळूहळू कळत गेलं. सुरुवातीला तेवढं कळलेलं नव्हतं.

जुन्या यंत्राबद्दल आधी दोन शब्द, कारण त्यानेच मला काय मोजायचं ते शिकवलं. २०१७ साली घेतलेला, इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर असलेला. मधे हार्ड डिस्क काढून तिच्यापेक्षा वेगवान एसएसडी बसवली होती आणि तेवढ्यावर त्याने आणखी तीन वर्षं ओढली. ज्यांचं यंत्र नुसतं मंद झालंय त्यांनी आधी हाच उपाय करून बघावा, खर्च फार कमी येतो. पण बॅटरी गेली होती. किती गेली हे भाच्याने दाखवलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ एवढं इंग्रजीत टाईप केलं की विंडोज एक फाईल तयार करतं. त्यात बॅटरी मुळात किती वॉट-तासांची (हे साठवलेल्या विजेचं माप) होती आणि आता पूर्ण भरली तर किती भरते हे दोन आकडे समोरासमोर असतात. माझी मुळात ४१ ची होती आणि ९ वर आली होती. आकडा बघितल्यावर मनातली सगळी घालमेल संपली. बॅटरी बदलावी तर विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सभासदांच्या ठेवींच्या याद्या ज्या यंत्रात ठेवायच्या, त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नसेल तर ते वापरणं मला योग्य वाटलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत शोध सुरू केला. कमाल ६० हजार असं ठरवलं होतं. या किमतीत दुकानं भरलेली असतात आणि घोटाळाही इथेच जास्त होतो. चाळीस हजारांत काय मिळणार नाही ते आधीच माहीत असतं, लाखाच्या वर गेलं की बहुतेक सगळं चांगलंच असतं. मधल्या टप्प्यात मात्र प्रत्येक यंत्रात कुठेतरी काटकसर केलेली असते, आणि ती माहितीच्या पाटीवर लिहिलेली नसते.

पहिल्या दुकानात मी वहीत वैशिष्ट्यं लिहून नेली होती. विक्रेत्या मुलाने दोन यंत्रं शेजारी ठेवली, दोन्हींवर एएमडी कंपनीचा रायझन ५ प्रोसेसर. एकात ७५२०यू, दुसऱ्यात ७५३०यू. किमतीत सात-आठ हजारांचा फरक. “ताई, दोन्ही सात हजार सिरीजच आहेत, दहाचा फरक काय घेऊन बसलाय,” असं म्हणून त्याने स्वस्तातला पुढे केला. मी तो जवळजवळ घेतलाच होता. अनामत द्यायची म्हणून पर्स उघडली, पण भाच्याला विचारून येते म्हणून बाहेर आले.

घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. त्या सात हजारांच्या मालिकेत एएमडीने पहिला आकडा वर्षाचा ठेवला होता, आणि आतली रचना कोणती ते तिसऱ्या आकड्यावरून ओळखायचं होतं. तिसरा आकडा २ म्हणजे झेन २ नावाची जुनी रचना, तीन असेल तर तिच्यानंतरची झेन ३. म्हणजे ७५२०यू मध्ये चार कोअर आणि एक पिढी मागची रचना, ७५३०यू मध्ये सहा कोअर. शिवाय ७५२०यू सोबत जी रॅम चालते ती बोर्डावरच सोल्डर केलेली येते, पुढे वाढवायची सोय नाही. तो मुलगा मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्यालाही बहुधा कुणी सांगितलेलं नव्हतं. पण आमच्या धंद्यात एका आकड्याच्या चुकीसाठी दोन-दोन दिवस खतावण्या उलट्यापालट्या होतात, आणि इथे तर त्या एका आकड्यात यंत्राची तीन वर्षं होती.

त्यानंतर वही बाजूला ठेवली आणि एक पेनड्राईव्ह तयार केला. त्यात तीन फाईली. पहिली एक्सेलची, एका पतसंस्थेच्या ठेवींची यादी, नावं आणि खाते क्रमांक बदलून टाकलेली, सुमारे ३८ हजार ओळी, आणि तिच्यात दुसऱ्या यादीशी जुळवणी करणारी सूत्रं. दुसरी, स्कॅन केलेल्या व्हाउचरांची ३०० पानांची पीडीएफ. तिसरी, मागच्या वर्षीच्या दोष दुरुस्ती अहवालाचा मराठी मजकूर. माझं रोजचं काम हेच. दुकानात गेलं की म्हणायचं, “मला डेमो मशीनवर अर्धा तास बसू द्या.” पाच दुकानांपैकी दोघांनी नाही म्हटलं. तिथे मी दुसऱ्यांदा गेले नाही.

कीबोर्डपासून सुरुवात करायचे, कारण प्रोसेसर पुढे फारसा जाणवत नाही पण कीबोर्ड दिवसभर बोटांखाली असतो. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीसाठी ठरवून दिलेल्या बटणांच्या मांडणीवर टाईप करते. आता विंडोजमध्ये मराठीसाठी उच्चाराप्रमाणे टाईप करायचा कीबोर्डही येतो, पण वीस वर्षांची बोटांची सवय मला मोडायची नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘ॉ’ हे चिन्ह एंटरच्या वर असलेल्या उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर आहे, आणि तेच शिफ्टबरोबर दाबलं की ‘ऑ’. आता माझ्या अहवालातले शब्द बघा. ऑडिट, स्टॉक, लॉकर, ऑगस्ट, कॉलम, बॉण्ड. ते बटण दर चार ओळींना लागतं. इंग्रजी टाईप करणाऱ्याला ते महिन्यातून एकदाही लागत नसेल, म्हणून आकार वाचवायचा झाला की कंपन्या पहिली कात्री त्याच बटणाला लावतात. एका यंत्रावर ते एंटरला चिकटून, अर्ध्या रुंदीचं होतं. ‘ऑडिट’ लिहायला गेले आणि तीनदा एंटर दाबला गेला, मजकूर तीन ओळी खाली. दिसायला सुबक, वजनाला हलकं, किमतीत बसणारं यंत्र होतं ते, आणि या एका बटणापायी मी सोडलं. मागे वळून बघताना तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

दुसरी अडचण याहून मोठी होती. आकड्यांचा पॅड. आमची बोटं उजवीकडच्या नंबर पॅडवर न बघता चालतात, म्हणून १५.६ इंचीच घ्यायचा असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. चौदा इंचीत तो पॅड सहसा नसतो. पण १५.६ इंची यंत्र पावणेदोन किलोच्या आसपास, वर अडॅप्टरचे तीनशे ग्रॅम, आणि बॅगेत फाईली वेगळ्या. बरोबरीच्या एका लेखापरीक्षक मैत्रिणीचं यंत्र दोन दिवस मागून आणलं आणि करवीरमधल्याच एका संस्थेत नेलं. तिथे खरी गोष्ट दिसली. संस्थेचं टेबल तीन फुटांचं. त्यावर रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडली की दोन फूट गेले. उरलेल्या जागेत मोठा लॅपटॉप ठेवला तर कीर्दीचं डावं पान त्याच्याखाली जातं, आणि जमेची बाजू वाचायची तर दर वेळी यंत्र उचलायचं. शिवाय नंबर पॅडमुळे अक्षरांची बटणं डावीकडे सरकलेली असतात, त्यामुळे मी दिवसभर अंग थोडं वळवून बसत होते. संध्याकाळी उजवा खांदा भरून आला. त्याच दिवशी शाहूपुरीतल्या दुकानातून सहाशे रुपयांचा सुटा यूएसबी नंबर पॅड आणला. घरच्या टेबलावर मांडून बघितलं. मागे छोटा लॅपटॉप, समोर पूर्ण उघडी कीर्द, उजव्या हाताशी सुटा पॅड. कीर्दीतल्या आकड्यावर डावं बोट ठेवायचं आणि उजव्या हाताने टाकत जायचं. पूर्वी कॅल्क्युलेटर जसा धरायचे अगदी तसंच. चौदा इंची घ्यायचा हे तिथे ठरलं.

आता पडदा. यात सगळ्यात जास्त फसगत होते. पाटीवर ‘फुल एचडी आयपीएस’ (आयपीएस म्हणजे बाजूनेही नीट दिसणारा पडदा) लिहिलेलं असतं, पण उजेड किती आणि रंग किती हे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. उजेड निट्समध्ये मोजतात. या किमतीत २५० निट्सचे पडदे पुष्कळ, ३०० चे काही, त्यापुढचे थोडे. आणि रंगांसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसलं तर ओळखायचं की पडद्यात हात आखडता घेतलाय. १०० टक्के एसआरजीबी (हे रंगांचं दुसरं माप) असलेला पडदा वेगळाच दिसतो. मी काही फोटोंची कामं करत नाही, मग मला रंग कशाला हवेत असं मलाही वाटलं होतं. पण एक्सेलमध्ये उणे शिल्लक मी लाल अक्षरांत आणते. ४५ टक्केवाल्या पडद्यावर तो लाल विटकरी दिसत होता, काळ्या आकड्यांच्या रांगेत पटकन नजरेला येत नव्हता. १०० टक्केवाल्यावर तोच आकडा लांबूनही दिसला. एका थकबाकीदाराची उणे शिल्लक नजरेतून सुटणं म्हणजे काय हे या कामातल्या माणसाला सांगायला नको.

राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने मला यंत्र फूटपाथवर न्यायची परवानगी दिली, मुलगा सोबत देऊन. दुपारचे बारा वाजले होते. २५० निट्सच्या पडद्यावर मला आकड्यांऐवजी समोरच्या इमारतीच्या गॅलरीतले कपडे दिसत होते. ३०० च्या, चकाकी नसलेल्या पडद्यावर सावलीत उभं राहून वाचता आलं. दूध संस्थांची बरीच ऑफिसं म्हणजे पुढे ओसरीसारखा सोपा आणि सताड उघडं दार. उजेड समोरून येतो आणि खुर्ची फिरवायला जागा नसते. मग त्या मुलाला मी शेजारी स्टुलावर बसवलं, आमचे सचिव बसतात तसं, आणि म्हटलं, “तिथून आकडे वाच.” एका यंत्रावर त्याला बाजूने सगळं करपल्यासारखं दिसत होतं. तो पडदा आयपीएस नव्हताच. लेखापरीक्षण ही दोघांनी एका पडद्याकडे बघायची गोष्ट आहे. सचिवाला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की वाद होत नाही.

लांबी-रुंदीचं प्रमाणही बघितलं. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० असलेल्या पडद्यावर उंची जास्त मिळते. दोन्ही शेजारी ठेवून तीच यादी उघडली आणि ओळी मोजल्या, चार जास्त.

प्रोसेसर आणि रॅमचा निकाल पेनड्राईव्हने लावला. जुळवणीचं सूत्र जुन्या लॅपटॉपवर दोन मिनिटांच्या आसपास घ्यायचं. दुकानातल्या आय-५ १३३५यू वर ते दहा-बारा सेकंदांत झालं. त्याच दुकानात १३४२०एच वाला होता, त्यावर आणखी थोडं लवकर. पण त्या ‘एच’ जातीच्या प्रोसेसरची मूळ वीज ४५ वॉट, ‘यू’ ची १५. पंखा वाजायला लागला आणि डावीकडची जाळी हाताला कढत लागली. मला दोन सेकंद वाचवून काय करायचंय? मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत चालणारं यंत्र मला हवं होतं. रॅम बघायला टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे किती भरली आहे हे तर दिसतंच, शिवाय रॅम बसवायचे स्लॉट किती आणि वापरात किती हेही दिसतं. ८ जीबीच्या यंत्रावर माझ्या तिन्ही फाईली आणि ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या उघडल्या की सातच्या पुढे भरलेली, आणि अजून टॅली, हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडायचंच होतं. म्हणून १६. त्यातली निम्मी सोल्डर केलेली असली तरी निम्मी स्लॉटमध्ये असावी, म्हणजे पुढे वाढवता येईल, एवढी अट ठेवली.

बाकीच्या बाबी पटकन सांगते. डिजिटल सहीचं टोकन जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं आणि संस्था डेटा पेनड्राईव्हवरच देतात, म्हणून तसे दोन पोर्ट हवेतच. सभेत ताळेबंद प्रोजेक्टरवर दाखवायला एचडीएमआय पोर्ट. टाईप-सी वरून चार्ज होणारा असावा. कॅमेऱ्याला झाकण असलेलं बरं. बोटाच्या ठशाचं बटण मला नको होतं, आता मात्र त्याची सवय झाली आहे.

एक काम मी केलं आणि ते प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. पसंतीला उतरलेल्या दोन कंपन्यांची दुरुस्ती केंद्रं कुठे आहेत ते विचारलं आणि प्रत्यक्ष जाऊन बसले. एकीचं केंद्र कोल्हापुरात होतं, दुसरीचं नावापुरतं, यंत्र पुण्याला पाठवायचं आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. बाकावर बसलेल्या माणसांशी बोलले. बिजागरी तुटलेली दोघांची, पाणी सांडलेलं एकाचं, बॅटरी फुगलेली एका कॉलेजच्या मुलीची. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी शहराबाहेरच्या पिनकोडला लागू आहे का हेही तिथेच विचारून घेतलं. जूनमध्ये माझं यंत्र तीन आठवडे पुण्यात पडून राहिलं तर माझ्या संस्थांच्या अहवालांचं काय, हा विचार करून पहिली कंपनी धरली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात घेतला. चौदा इंच, १३३५यू, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, ५० वॉट-तासांची बॅटरी, वजन १.४ किलो, पडदा १०० टक्के रंगांचा. ६१,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. दीड हजारांनी हात वर गेला तो पडद्यापायी. आयकरात संगणकावर घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, ४० टक्के मिळतो, पण घेतलेल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी त्याच्या निम्माच. एप्रिलमध्ये घेतला असता तर पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा मिळाला असता. पण हंगामाच्या तोंडावर नवं यंत्र हातात घेणं मला परवडणारं नव्हतं. मार्च महिना मी नुसता त्याची ओळख करून घेण्यात घालवला. जुने अहवाल उघडले तर अक्षरांची भेंडोळी, कारण ते जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये होते, कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. फॉन्ट शोधून बसवणं, टॅलीचा डेटा हलवणं, प्रिंटर जोडणं यात आठ दिवस गेले.

आणि तरीही एप्रिलमध्ये एक प्रसंग घडलाच. घरी बॅटरी शंभर टक्के भरली, झाकण मिटलं, बॅगेत टाकलं आणि एसटीने राधानगरीकडे निघाले. वाटेत बॅग मांडीवर घेतली तर गरम लागली. संस्थेत पोचून उघडलं तर ७१ टक्के. दोन तासांत एकोणतीस टक्के बॅटरी बॅगेतच गेली होती. मला वाटलं यंत्र बिघाडाचं आलं. दुरुस्ती केंद्रातल्या मुलाने शांतपणे समजावलं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर पूर्वीसारखी गाढ झोप नसते, मोबाईलसारखी जाग अधूनमधून चालू राहते. नेट शोधतं, अपडेट उतरवतं, आणि बॅगेत हवा नसल्याने तापतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ व्हावं असं लावून दिलं. आता उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत तो पूर्ण बंद असतो. हे विकताना कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात पाठीवर तापलेली बॅटरी घेऊन फिरणं धोक्याचं आहे, म्हणून हा तपशील मी ओळखीच्या प्रत्येकाला आवर्जून सांगते.

बॅटरीचा खरा हिशेब मेमध्ये घेतला. खोक्यावर दहा तासांचा दावा. पडदा पाऊणशे टक्के उजळ, टॅली, एक्सेल, मोबाईलचं नेट, असं सलग काम करून ५ तास ४० मिनिटं मिळाली. म्हणजे ५० वॉट-तासांना भागलं तर तासाला साधारण पावणेनऊ वॉट. हा भागाकार मला फार उपयोगी पडला. कुठल्याही यंत्राची बॅटरी किती वॉट-तासांची हे बघायचं आणि आपल्या कामाच्या वॉटने भागायचं, कंपनीच्या तासांकडे बघायचंच नाही. पॉवर बँकेलाही तोच नियम. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-तास, आणि मधली गळती धरून माझा बंद लॅपटॉप एकदा जवळजवळ पूर्ण भरतो. मात्र तिच्यातून टाईप-सीने ६५ वॉट बाहेर पडायला हवेत. मोबाईलच्या साध्या पॉवर बँकेकडे तो ढुंकूनही बघत नाही.

जूनमध्ये प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं, कोयना एक्सप्रेसने. दिवसाची गाडी, हातात अख्खा दिवस. डब्यातल्या प्लगांना बहुधा ११० व्होल्टचा पुरवठा असतो. अडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ छापलेलं आहे ना हे आधी बघून घेतलं, मग चिंता नाही. अडचण निराळीच आली. प्लग सैल, अडॅप्टर जड, गाडीने रूळ बदलला की तो निसटून खाली. शेवटी अडॅप्टर खिडकीजवळच्या जाळीत ठेवला आणि वायर सैल सोडली, मग टिकला. मिरज ते सातारा चांगलं काम झालं. साताऱ्याच्या पुढे आदर्कीच्या घाटात बोगदे लागले आणि मोबाईलचं नेट गेलं, पण फाईली यंत्रातच असल्याने अडलं नाही. समोरच्या बाकावरच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बाई, डोळं जातील की गं तुझं. जरा भाईर बघ.” लोणंदपर्यंत मी खरंच यंत्र मिटून बाहेर बघत बसले. पाऊस नुकताच पडून गेला होता.

जुलैत गगनबावड्याकडच्या संस्था. तिथला पाऊस म्हणजे छत्री, रेनकोट, बॅगेचं कव्हर सगळं असूनही आत दमट. यंत्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवायचे, आणि पोचल्यावर लगेच चालू न करता अर्धा तास उघडं ठेवायचे. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात पंखा वाजतोय की नाही ते कळायचंही नाही. आणि राधानगरीतल्या त्या दूध संस्थेत याही वर्षी दुपारी लाईट गेली. सचिवांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. “मॅडम, गेलं न्हवं?” मी पडदा त्यांच्याकडे वळवला. यादी चालू होती, बॅटरी ६४ टक्के. बाहेर पाऊस, आत अंधार, आणि पडद्याच्या उजेडात आम्ही दोघांनी ऑक्टोबरच्या तिसऱ्या दहा दिवसांच्या बिलातला फरक पकडला. ४३० रुपये, एका उत्पादकाचं दूध दोन नावांवर चढलेलं.

आता आठ महिने होत आले. कालच बॅटरीचा अहवाल काढला. ५० ची ४८.२ झाली आहे, ९४ वेळा भरली गेली. घरी असताना ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय चालू ठेवते, दौऱ्यावर निघायच्या आदल्या रात्री ती बंद करून पूर्ण भरते. तक्रारी आहेत. स्पीकरचा आवाज इतका बारीक आहे की ऑनलाइन बैठकीला हेडफोन लागतोच. ‘ऱ्या’ साठी शिफ्ट धरून जे बटण दाबते ते थोडं ढिलं झालंय, आणि ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द माझ्या अहवालात किती वेळा येतो ते मोजायला नको. सुट्या नंबर पॅडची वायर बॅगेत वळून एकदा तुटली, आता बिनवायरीचा बघते आहे. वॉरंटी संपायला चार महिने आहेत. त्या बटणाचं काम दिवाळीनंतर संस्थांची धावपळ कमी असते तेव्हा करून घ्यायचं, तसं केंद्रात सांगून ठेवलं आहे.